कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि भूमिहीनांचा सातबारा



गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या गावातील एका विधवा भगिनीचा अर्ज मी लिहून दिला. शाळामास्तर म्हटला की गावातले अर्ज त्याच्याकडेच येतात. अर्ज होता शासनाच्या जमीन देण्याच्या योजनेचा आणि योजनेचे नाव होते कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजना. अर्ज लिहून झाल्यावर त्या बाईंनी मला सहज विचारले की हे गायकवाड कोण, कोणी मंत्री होते काय? शेजारी दहावीत शिकणारा त्यांचा मुलगा उभा होता. त्यालाही उत्तर आले नाही. आपल्या वस्तीत, जयंतीच्या दिवशी ज्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, त्या माणसाविषयी आपल्याच घरात एवढे अज्ञान असावे याचे मला वाईट वाटले. म्हणून हा लेख.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी झाला. त्या काळच्या गावगाड्यात पूर्वाश्रमीच्या महार समाजाचे स्थान काय होते हे समजल्याशिवाय दादासाहेबांचे पुढचे आयुष्य समजणार नाही, म्हणून तेथे थोडे थांबू.

महारांना जमीन नव्हती असे आपण सरसकट म्हणतो. ते पूर्णपणे खरे नाही. वतनाची जमीन होती, तिला हाडकी-हाडोळा म्हणत. ती गावची आणि सरकारची चाकरी करण्याच्या बदल्यात मिळालेली होती. सारा गोळा करण्याच्या वेळी कुळांना बोलावून आणणे, सरकारी टपाल पोचविणे, आलेल्या अंमलदाराचे घोडे धरणे, सरपण फोडणे, गावची वेस राखणे, मेलेले जनावर ओढणे ही सारी कामे त्या तुकड्याला बांधलेली होती. रात्री बारा वाजता हाक आली तरी उठून जावे लागे. आणि ज्याच्या नावाने वतन, तो घरी नसेल तर त्याच्या बापाने किंवा मुलाने जायचे. पिढ्यानपिढ्या वाटण्या होत होत त्या जमिनीचे इतके तुकडे झाले की एकेका घराला पोटापुरते धान्यही मिळेना, पण चाकरी मात्र पुरी द्यावी लागे. उरलेले पोट बलुत्याच्या पेंढीवर आणि दारोदार मिळणाऱ्या शिळ्या भाकरीवर भरायचे. एकरभर माळाच्या बदल्यात सबंध जातीला गावाचे नोकर करून ठेवणारी ही व्यवस्था होती. इंग्रज सरकारनेही ती मोडली नाही, कारण एवढ्या स्वस्तात राबणारा नोकर त्यांनाही दुसरा मिळाला नसता.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे वर्म फार लवकर ओळखले होते. मुंबई विधिमंडळात १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ते संमत होणार नाही असे दिसताच पुढच्या वर्षी त्यांना ते मागे घ्यावे लागले. दादासाहेब त्या वेळी पंचविशीतले तरुण कार्यकर्ते होते. खेड्यातला हा तरुण बाबासाहेबांच्या सहवासात आला आणि मग शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर राहिला.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह आपल्या सर्वांना ठाऊक आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकला तो सुरू झाला आणि बाबासाहेब लंडनला गोलमेज परिषदेला गेले असताना तो चालविण्याचे ओझे सत्याग्रह समितीचे चिटणीस म्हणून दादासाहेबांच्या खांद्यावर होते. बाबासाहेब त्यांना सतत पत्रे लिहीत. ती पत्रे पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आहेत आणि प्रत्येक तरुणाने ती वाचावीत. ३ मार्च १९३४ रोजी लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी मंदिरप्रवेशाची चळवळ थांबवून शिक्षण आणि राजकारण यांकडे शक्ती वळविण्याचा विचार कळविला. या सत्याग्रहाविषयी आपण देवळाच्या चार दरवाजांबद्दल नेहमी बोलतो. खेड्यांत काय झाले याबद्दल मात्र फारसे बोलत नाही. नाशकाला स्वयंसेवक पाठविणाऱ्या गावांत आपल्या लोकांवर बहिष्कार पडले. काम बंद, किराणा बंद, रानातून जाण्याची वाट बंद. माणूस दुसऱ्याच्या बांधावर राबत असेल तर त्याचा स्वाभिमान त्या बांधावरूनच मोडता येतो, हा धडा दादासाहेबांनी कोणत्याही ग्रंथातून घेतला नाही. सत्याग्रहाचे चिटणीसपण करताना त्यांनी तो गावोगावच्या माणसांच्या तोंडून ऐकला असणार.

१९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे नाशिक जिल्ह्यातून ते मुंबई विधानसभेवर निवडून गेले. त्याच वर्षी बाबासाहेबांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. खोतीखाली भरडलेला कुणबी आणि महार त्या मोर्चात एकत्र चालले, ही गोष्ट विसरू नये. खोती प्रत्यक्ष गेली ती १९४९ च्या कायद्याने. याच सुमारास सरकारने वतनी जमिनीवरची जुडी वाढविली. म्हणजे चाकरीही फुकट आणि वर सारा जास्त! तिच्याविरुद्ध डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला आणि ऑगस्ट १९४१ मध्ये सिन्नरला वतनदारांच्या परिषदा झाल्या. सिन्नर तर दादासाहेबांच्याच जिल्ह्यातले.

आता १९५६ कडे येऊ. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर खेड्याखेड्यांत आपल्या लोकांनी मेलेली जनावरे ओढणे सोडले, येसकराची काठी टाकली, पोतराज-देव्हारे नदीत सोडले. दीक्षेचा हा अर्थ प्रत्येक घरात समजला होता. परंतु वाचकहो, त्याच दिवसापासून बलुत्याची पेंढीही बंद झाली. गावकऱ्यांनी मजुरीला बोलावणे सोडले. ज्याच्या घरात सकाळची भाकर गावच्या चाकरीतून येत होती त्याने चाकरी सोडली, तर संध्याकाळी चूल कशावर पेटायची? शहरात गिरणी होती, रेल्वे होती, कारकुनी होती. खेड्यात काय होते? बाबासाहेबांना ही काळजी अखेरच्या वर्षांत फार होती. मार्च १९५६ मध्ये आग्र्याला बोलताना त्यांनी खेड्यातील भूमिहीनांसाठी आपल्याला फारसे करता आले नाही याची खंत व्यक्त केली होती आणि त्यांच्यासाठी झगडण्याचा निर्धारही. डिसेंबरात त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ते अपुरे काम ज्याने उचलले तो माणूस म्हणजे दादासाहेब.

तरुण वाचक विचारतील की त्या काळात सरकार जमीन सुधारणा करीतच होते ना? होय, करीत होते आणि ते कायदे वाईट नव्हते. पण कोणत्या कायद्याने कोणाच्या हाती जमीन पडली हे नीट पाहू या.

पहिला कुळकायदा. १९४८ चा हा कायदा १९५६ साली दुरुस्त झाला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो तिचा मालक मानला गेला. कसेल त्याची जमीन ही घोषणा ऐकायला गोड. पण कसणारा कोण, हे ठरायचे तलाठ्याच्या कागदावरून. ज्याचे नाव कूळ म्हणून लागले होते तो मालक झाला. ज्याने प्रत्यक्ष नांगर धरला, पेरले, निंदले, राखण केली त्या सालगड्याचे नाव कोणत्याच रकान्यात नव्हते. कुळकायद्याने ब्राह्मण, मारवाडी, इनामदार यांच्याकडून जमीन मध्यम शेतकरी जातींकडे आली. हा बदल मोठा होता, मी तो कमी लेखीत नाही. आपल्या वस्तीपर्यंत मात्र तो फारसा पोचला नाही.

दुसरा वतन नष्ट करणारा कायदा. बाबासाहेबांनी १९२८ साली मागितलेली गोष्ट तीस वर्षांनी, १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने नष्ट करण्याच्या कायद्याने झाली. वेठ गेली, हा आनंदच होता. कायद्याने वतनाची जमीन आधी सरकारजमा केली आणि मग साऱ्याच्या तिप्पट रक्कम मुदतीत भरणाऱ्या वतनदाराला ती परत द्यायची असे ठरविले. शिवाय कलेक्टरच्या परवानगीवाचून ती विकता येणार नाही अशी शर्त घातली. रक्कम लहान होती खरी, पण मुदत कोणाला कळली, कोणाला कळली नाही. कोणी चालान भरले आणि फेरफार करून घेतला नाही. माझ्या स्वतःच्या आजोबांनी पैसे भरले, पावतीही घरात होती, परंतु नोंद मात्र झाली नव्हती. ती लागण्यासाठी माझ्या वडिलांना एका कचेरीत किती खेटे घालावे लागले हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे. मी पदवीधर झालो त्यामागे त्या खेट्यांची चीड बरीच आहे.

तिसरा कमाल जमीन धारणेचा कायदा, १९६१ चा. बारमाही पाण्याच्या जमिनीला १८ एकर आणि कोरडवाहूला ६६ पासून १२६ एकरांपर्यंत अशी मर्यादा होती. एवढी उंच मर्यादा असल्यावर वाटायला उरणार किती? साखर कारखान्यांच्या ज्या जमिनी सरकारने घेतल्या, त्या भूमिहीनांना वाटण्याऐवजी १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. वर ज्या हरेगावचे नाव आले, तेथील कारखान्याचे मळेही त्यांतच होते. मर्यादा पुढे १९७५ साली खाली आणली गेली, तोवर ज्यांना वाटण्या दाखवून कागद करून ठेवायचे होते ते करून मोकळे झाले होते.

दादासाहेबांनी हा प्रश्न वेगळ्या टोकाने धरला. मोठ्या मालकाची जमीन मिळेल तेव्हा मिळेल, पण प्रत्येक गावच्या शिवारात सरकारच्या मालकीची पडीक जमीन आहे, गायरान आहे, झाड नसलेली वनखात्याची जमीन आहे. ती भूमिहीनाला द्या, ही त्यांची मागणी. यात कोणाच्या ताटातले ओढून घ्यायचे नव्हते. सरकारचीच जमीन, सरकारनेच द्यायची. बाबासाहेबांनी १९४७ साली घटना समितीसाठी लिहिलेल्या निवेदनात सर्व शेतजमीन राज्याच्या मालकीची करून गावकऱ्यांनी ती जातिभेदाशिवाय सामुदायिक रीतीने कसावी, म्हणजे मालक, कूळ आणि शेतमजूर हे भेदच उरणार नाहीत, असा विचार मांडला होता. तो फार लांबचा पल्ला. दादासाहेबांनी त्या वाटेवरचे पहिले शेत मागितले असे म्हणता येईल.

१९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत ते नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. आणि १९५९ साली नाशिक, खानदेश, नगर, मराठवाडा या भागांत भूमिहीनांचा सत्याग्रह उभा राहिला. हजारो स्त्री-पुरुष पडीक जमिनीवर नांगर घेऊन गेले आणि पोलिसांच्या गाड्यांत बसले. डाव्या पक्षांची माणसेही साथीला होती. सरकारला पडीक जमिनी वाटण्याचे आश्वासन द्यावे लागले आणि काही ठिकाणी त्या वाटल्याही गेल्या.

येथे एक कडू गोष्ट लिहिली पाहिजे. याच सुमारास पक्ष फुटला. शिकलेल्या, वकील मंडळींचा एक गट म्हणू लागला की सत्याग्रह, मोर्चे हे बाबासाहेबांनी सांगितलेल्या घटनात्मक मार्गाला सोडून आहे. जमिनीचा लढा हा कम्युनिस्टांचा उद्योग असून गायकवाड त्यांच्या नादी लागले आहेत, असाही आरोप झाला. त्यांनी स्वतःला दुरुस्त म्हणविले, तेव्हा दादासाहेबांचा गट आपोआप नादुरुस्त ठरला. दादासाहेबांकडे पदवी नव्हती, बोलणे खेडवळ होते, आणि त्याची चेष्टाही झाली. वाचकहो, मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर आहे. शिष्यवृत्ती, वसतिगृह, राखीव जागा यांच्या जोरावर मी मास्तर झालो. हा वाद वाचताना माझी सहानुभूती कोणाच्या बाजूला गेली असती याचा मी प्रामाणिकपणे विचार केला आणि उत्तर मला आवडले नाही. नोकरी लागली की माणसाला जमिनीचा प्रश्न मागासलेला वाटू लागतो. आमच्या शिक्षक मित्रांच्या बैठकीत पदोन्नतीवर दोन तास चर्चा होते. गावच्या गायरानावर ती कधी झाल्याचे मला आठवत नाही.

घटनात्मक मार्गाचा मुद्दा मात्र अगदीच पोकळ नव्हता. बाबासाहेबांनी घटना समितीत सत्याग्रहासारखी साधने आता मागे ठेवावीत असे म्हटले होतेच. पण त्यांचे म्हणणे घटनेचे मार्ग खुले असतील त्या स्थितीबद्दल होते. ज्याचे नाव तलाठ्याच्या दप्तरात नाही आणि ज्याला वकील परवडत नाही, त्याला कोणता मार्ग खुला होता? माझे मत दादासाहेबांच्या बाजूने पडते.

यानंतर आला १९६४ चा देशव्यापी सत्याग्रह. १ ऑक्टोबर १९६४ रोजी दिल्लीत संसदेवर मोर्चा नेऊन दादासाहेबांनी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांचे निवेदन दिले. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतनाचा कायदा अमलात आणा, धान्य स्वस्त करा, झोपडपट्टीतील लोकांना घरे द्या, बौद्ध झालेल्यांच्या सवलती चालू ठेवा, बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लावा, अशा त्या मागण्या. ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाणदिनी सत्याग्रह सुरू झाला. महाराष्ट्राप्रमाणेच उत्तर प्रदेश, पंजाब येथील लोकही त्यात उतरले. पुढचे सुमारे दोन महिने तुरुंग भरत होते. पक्षाच्या हिशोबाप्रमाणे तीन लाखांहून अधिक माणसे अटकेत गेली. माझे आजोबा त्यांतले एक. ते तुरुंगात जाऊन आले एवढेच मला लहानपणी ठाऊक होते, म्हणून शाळेत मी त्यांना स्वातंत्र्यसैनिक सांगत असे. पुढे त्यांनीच समजावले की ते इंग्रजांच्या तुरुंगात गेले नव्हते, पाच एकर माळासाठी आपल्याच सरकारच्या तुरुंगात गेले होते. घरी दोन शेळ्या होत्या, त्या विकून आजीने ते दिवस काढले.

सरकारने मागण्या तत्त्वतः मान्य केल्या. अंमल मात्र तुकड्यातुकड्यांनी झाला. बौद्धांना राज्याच्या सवलती महाराष्ट्रात १९६० सालीच मिळाल्या होत्या, केंद्राने त्या १९९० साली दिल्या. बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेत लागले तेही १९९० सालीच. दादासाहेबांना यांतले काही पाहता आले नाही. १९६२ ते १९६८ ते राज्यसभेत होते. १९६७ साली जिल्हा परिषदांच्या निवडणुकीसाठी त्यांनी काँग्रेसशी समझोता केला आणि त्याचे समर्थन मला करता येत नाही. ज्या सत्तेने जमीन अडवून धरली तिच्या पंगतीला बसून ती सुटेल असे त्यांना वाटले असावे. सुटली नाही, आणि पक्षाची धार गेली ती गेलीच. १९६८ साली पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे लढा मरून गेला नाही. लोक गायरानावर पेरत राहिले, दंड भरत राहिले आणि दंडाच्या पावत्या डब्यात जपून ठेवीत राहिले. त्या पावत्यांनीच पुढे काम केले. ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. नंतर २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. मराठवाड्यात एकनाथ आवाड यांनी हेच गायरानाचे काम गावोगाव नेले. आमच्या घरच्या माळावर आता तूर येते, ती या अशाच एका पावतीच्या आधारावर.

२००४ साली दादासाहेबांच्या नावाने जी योजना सुरू झाली, तिच्यात सरकार जमीन विकत घेऊन दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देते. आधी निम्मी रक्कम कर्ज म्हणून फेडावी लागे, २०१८ पासून ती पूर्ण अनुदान झाली. विधवा, परित्यक्ता आणि अत्याचारग्रस्त यांना अग्रक्रम आहे. अडचण एकच आणि ती मोठी. सरकारी दराने जमीन विकायला मालक पुढे येत नाही. ज्या गावात गायरान पडून आहे, त्याच गावातील भूमिहीनासाठी सरकार विकत घ्यायला जमीन शोधीत फिरते, हे पाहून दादासाहेब काय म्हणाले असते कोण जाणे.

गायरानावर ज्यांचे पीक आजही उभे आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी गावाच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश राज्यांना दिला आहे आणि त्यावरून नोटिसा येतात. परंतु भूमिहीन मजूर अथवा अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना शासनाच्या निर्णयाने दिलेल्या पट्ट्यांना त्याच निकालात अपवाद ठेवलेला आहे. म्हणून जुन्या दंडाच्या पावत्या, पीकपाहणीचे उतारे, एकसाली पट्ट्याचे कागद यांच्या प्रती काढून वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. नोटीस आली तर मुदतीत लेखी उत्तर द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. अर्ज लिहायला कोणी नसेल तर आपल्या वस्तीतील मास्तरकडे जावे. त्याने टाळले तरी पुन्हा जावे.

ज्या भगिनीचा अर्ज मी लिहिला, त्यांना जमीन दाखविण्याचे पत्र अजून आलेले नाही. मुलाला मात्र आता गायकवाड कोण हे ठाऊक आहे.